नाव घातलेली भांडी

इंदूबाई आल्या तेव्हा वर्षालीच्या अमरावतीच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात पंखा बंद होता आणि जानराव चालू होते. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर ते वर्षालीला तपासात मदत करायचे, म्हणजे मुख्यतः बोलायचे.

"चोरी झाली," इंदूबाई म्हणाल्या. "अन् पोरगा मलेच चोर समजून राहिला."

शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग असलेल्या महादेवरावांची ही दुसरी बायको. पहिली, कौशल्या, बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत इंदू घरात आली आणि लग्नातच महादेवरावांनी तिचंही नाव कौशल्या ठेवलं. नवरीचं नाव बदलायची रीतच होती, कोणी काही विचारलं नाही. पाळण्यातल्या किशोरला तिनंच वाढवलं. आता साठीत तिनं प्रतिज्ञापत्र केलं, अर्ज भरला आणि मागच्या आठवड्यात राजपत्रात तिचं मूळचं नाव छापून आलं. दुसऱ्याच दिवशी पहिलीची, नाव घातलेली पितळी भांडी मांडणीवरून गायब.

"किशोर म्हंते, नाव पुसलं अन् मायच्या वस्तूबी मोडीत घातल्या. तवापासून मले आई म्हनत नाई."

त्यांना भांड्यांचं काही नव्हतं. ती हाक परत हवी होती.

गावात शिरताना रस्त्याच्या कडेला संत्र्याचे ट्रक भरत होते. "व्यापारी इथंच बागेत येऊन सौदा करतात," जानरावांनी माहिती दिली, कोणी विचारलं नसताना.

सून साधनानं मांडणी दाखवली. पाण्याचा गुंड, परात, ताट गेलं होतं. जड पितळी डबा मात्र जागेवर होता आणि त्यावरही कौशल्या हेच नाव होतं.

"हा माह्या माहेरचा," इंदूबाई म्हणाल्या. "लग्नात देला, नव्या नावाचा."

"एक पळीबी गेली," साधना म्हणाली. "झिजलेली, बिननावाची. अन् घरातली चिंच संपली. न्हाणीत चोथा पडला होता."

"पळी कोणाची होती?" वर्षालीनं विचारलं.

"कोनाले ठाऊक," इंदूबाई म्हणाल्या. "मी आली तवा होतीच."

किशोर ओट्यावर बसला होता. "मायचं तेवढंच होतं," तो म्हणाला. "बार्शीटाकळीवरून, तिच्या माहेराहून आलेलं. तेबी यायनं ठेवलं नाई." इंदूबाईंकडे त्यानं पाहिलंही नाही.

महादेवरावांनी चटकन सांगून टाकलं, "त्या दिवशी मी घरी नवतो. अकोल्याले गेलतो, संत्र्याच्या व्यापाऱ्याकडं."

"सून," जानराव कुजबुजले. "पितळेला भाव चांगला आहे."

वर्षालीनं सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

"भावासाठी चोरी असती, तर जड डबा राहिला नसता. नावाच्या रागानं असती, तरी डबा राहिला नसता आणि बिननावाची पळी गेली नसती. म्हणजे पहिल्या कौशल्याबाईंचं तेवढंच वेचून नेलंय. पळी त्यांची, हे इंदूबाईंना माहीत नव्हतं. किशोर पाळण्यात होता, साधना फार नंतर आली. शिवाय नेण्याआधी भांडी चिंचेनं घासली. मोडीत घालायची भांडी कोणी घासत नाही, कोणाच्या घरी द्यायची घासतात. आणि ज्या गावात व्यापारी स्वतः येतात, तिथला बागवाला त्यासाठी अकोला गाठत नाही. महादेवराव, अकोल्याहून पुढं बार्शीटाकळीला गेलात ना?"



"तिच्या भावाले देऊन आलो," महादेवराव म्हणाले. "ते गेली तवा मी रडलो नाई. नाव हिले देलं अन् हाक चालू ठेवली. राजपत्र आलं तवा वाटलं, आता गेली. मंग तिचं सामान तिच्या घरी पोचवलं."

"आईवर आळ आला, तवा बोलले काहून नाई?" किशोरनं विचारलं.

"हिचा सारा जन्म तिच्या नावानं काढला, हे कोन्या तोंडानं सांगू?"

किशोर उठून इंदूबाईंजवळ बसला. "आई," म्हणाला. इंदूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नजर मात्र नवऱ्यावरच होती.

"इतके वर्सं हाक कोनाले मारली?"

"तिलेच," महादेवराव म्हणाले.

खोटं बोलले असते तर बरं, असं जानरावांना वाटून गेलं. इंदूबाई पदर खोचून चहा ठेवायला निघाल्या.

"इंदू."

त्या दारात थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"आयकू नाई आलं."

आलं होतं. जानरावांनासुद्धा आलं होतं.

"इंदू," महादेवराव पुन्हा म्हणाले, या खेपेला मोठ्यानं.