नानांच्या आठ दुपारी

‘एक दिलं, सरून गेलं,
एक दिलं, पुरून उरलं,
एक दिलं, वाढून बसलं,
ओळख रुंजे, कोण कोण?’

नाना-आजोबांच्या खांद्यावर बसून रुंजी पाटाच्या कडेनं चालली होती, तेव्हा ऐकलेलं हे कोडं. तेव्हा ती होती चार वर्षांची. आता अकरावं सरत आलं तरी कोडं काही सुटलेलं नव्हतं. पण ते तिचं होतं. आजोबांनी एकट्या तिला घातलेलं.

आणि आज नानांच्या कार्यशाळेच्या दारातच तिचे पाय थबकले. आतून नाना म्हणत होते, “ओळख जुई, कोण कोण?”

रुंजीच्या पोटात चूल पेटली.

तिच्या सोनपाट गावात पैसा नव्हता. छपराछपरांवर ऊनकौलं होती (उन्हापासून वीज करणारी कौलं). त्या विजेवर पंप चालत, माग चालत, भाकरीचे तवे तापत. ऊन कुणाच्या मालकीचं नाही, अन् रोज नवं येतं. अवजड कामं यंत्रमानव करत, उरलेली माणसं वाटून घेत. भांडाराच्या दारात एक ‘हवंय-फळा’ होता. हवं ते त्यावर लिहायचं, आणि भोपळा नावाचा वाटोळ्या पोटाचा यंत्रमानव ते आणून द्यायचा. जास्तीचं कुणी लिहीत नसे. उद्या नळाला पाणी येणारच असेल, तर आज घरभर हंडे कोण भरून ठेवील?

ऊनकौल शोधलं ते नानांनी. आता त्यांची नजर मंदावली होती. कौल करायला शिकवायचं तर ते हात धरून, एका वेळी एकालाच शिकवत. म्हणून त्यांच्या दुपारीही फळ्यावर मांडलेल्या असत.

जुई आईबरोबर दूरच्या शहरातून पाहुणी आली होती. तिच्या वस्तीत विजेचे पैसे संपले की दिवा विझे, आणि मग तिचा धाकटा भाऊ अंधाराला भिऊन रडत बसे. तिला कौल करायला शिकून जायचं होतं. हातात आठच दिवस उरले होते.

रुंजीला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती फळ्यापाशी गेली आणि आठही दुपारींपुढे तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

“आठही हव्यात?” भोपळ्यानं विचारलं.

“हव्यात.”

“बरं. गरज असेल,” म्हणून भोपळा निघून गेला. याहून जास्त विचारायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. नको असलेलं मागणारं माणूस गावात त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुईनं फळा वाचला. ती भांडली नाही. फ्रॉकच्या खिशातून तिनं एक चुरगळलेली पिशवी काढली आणि रुंजीपुढे नाणी ओतली.

“दोन दुपारी कितीला देशील गं? माझ्याकडे एवढेच आहेत.”

रुंजीनं नाणी पहिल्यांदाच पाहिली. जुईच्या खिशात राहून ती ऊबदार झाली होती. ‘इथं याचं काही येत नाही’, असं फाडकन म्हणायचं तिच्या ओठांवर आलं. पण ती मान वळवून निघून गेली.

दुपारी नानांसमोर बसली खरी, पण कौलाची माती तिच्या हातात वळेना. तिनं जुईचं नाव न घेताच विचारलं, की लोकांना पैसा लागतो तरी कशाला?

नाना मळता मळता सांगू लागले. एखादी गोष्ट थोडी असली की ती कुणाला द्यायची, हा प्रश्न येतो. पैसा म्हणजे त्यासाठी लावलेली चाळणी. ज्याच्या हाती तो जास्त, त्याच्याकडे वस्तू जाते, मग गरज कुणाचीही असो. सोनपाटला वीज भरपूर झाली, विजेमुळे भाकरी आणि कापड भरपूर झालं, आणि चाळणी अडगळीत पडली.

“म्हणजे पुरून उरलं ते भाकरी!” रुंजी म्हणाली. “मग सरून गेलं ते?”

“माझी दुपार. यंत्रमानव शंभर होतील गं, नाना एकच. भरपूर झालं म्हणून सगळंच भरपूर होत नाही.”

“मग ती द्यायची कुणाला?”

“माझ्या लहानपणी पाटाला पाणी बेताचं असे. आमच्या गावची रीत होती, टोकाच्या शेताची पाळी आधी. ज्याच्याकडे पाणी सगळ्यात उशिरा पोचतं, त्यानं आधी भिजवायचं. पैसा जाईल रुंजे, पाळी जात नाही. आणि पाळी चालते खऱ्या बोलण्यावर. फळ्यावर खोटं लिहिलं तर भोपळा बिचारा काय करणार?”

हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही. त्यांना कळलं होतं की काय, ते रुंजीला समजेना.

“आणि वाढून बसलं ते?”

“ते तू सांग.”

 नानांनी कोडं जुईला दिलं, तरी ते रुंजीपाशी होतंच की. चारही ओळी जिथल्या तिथं. उद्या जुई ते आपल्या भावाला घालील. आणि कौल करायची विद्या? तीही तशीच. जुई शिकली तर वस्तीत दहा जणांना शिकवील, ते दहा आणखी शंभरांना. एका एका छपरावर ऊन उतरेल, आणि कधीतरी तिथल्या भाकरीलाही चाळणी लागणार नाही.

वाढून बसली ती विद्या. कोडं सुटलं. पोटातली चूल मात्र विझली नव्हती.

ती तशीच उठली. बाहेर पायरीवर जुई नाणी पुन्हा पुन्हा मोजत बसली होती. रुंजीनं मातीच्या हातानंच तिचं मनगट धरलं, तिला आत आणलं, आणि नानांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“मला दुपारी नकोच होत्या. तुला मिळू नयेत म्हणून नाव लिहिलं. नानांनी माझं कोडं तुला घातलं ना, तेव्हापासून तुझा हेवा वाटतोय. अजूनही वाटतोय. पण टोकाचं शेत तुझं आहे. ये, बस.”