बालारीला विचारून

रिदालिनने शेमफांगला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा लाइतसोम गावाने त्याला पोरं पळवणारा समजून बाकावर बसवून ठेवलं होतं.

संत्र्यांचे दिवस होते. उतारावरच्या बागांतून बायका कपाळाच्या पट्ट्याने पाठीवर टोपल्या लटकावून वर येत, आणि सगळ्या बाजाराला सालींचा आंबटगोड वास सुटे. शिलाँगची सुमो आली, तिच्यातून एक उंच, किडकिडीत तरुण उतरला आणि त्याने रस्त्यावरच्या पोरांना सहज विचारलं, "बालारी कुठं राहते रे?"

झालं! पोरं बोंबलत सुटली. कारण आदल्या हिवाळ्यात एक गोड बोलणारी बाई गावातल्या दोन मुलींना 'शहरात शिकवते' म्हणून घेऊन गेली होती. सापडल्या तेव्हा त्या परक्या घरी भांडी घासत होत्या. तेव्हापासून गावात मुलांसाठी समिती झाली आणि समितीने नियम केला. अनोळखी माणूस एखाद्या मुलाचं घर विचारत आला, तर घर दाखवायचं नाही. रिदालिनच्या चहाच्या दुकानापुढे बसवायचं, पान-सुपारी द्यायची, आणि ओळख पटेपर्यंत उठू द्यायचं नाही. ओळख पटवायचं काम रिदालिनचं. समितीत ती होती, आणि तिच्या नजरेला सगळा बाजार टरकून असे.

ती हातात अडकित्ता घेऊनच बाहेर आली.

"नाव?"

"शेमफांग."

"काय करता?"

"शिलाँगला बेकरीत पाव भाजतो."

"आणि बालारी कोण तुमची?"

"भाची. मी मामा तिचा."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे?" तो दचकला. "किती मामा आले आजवर?"

भोवतीचे लोक हसले. रिदालिनलाही हसू आलं, ते तिने पानाला चुना लावता लावता लपवलं. त्याने दोन्ही हात पुढे केले. मनगटापर्यंत भाजल्याचे जुने-नवे डाग होते. "हे बघा, काँग. भट्टीपुढे उभं राहिल्याशिवाय असं नक्षीकाम होत नाही."

काँग म्हणजे ताई. तिकडे कुठल्याही बाईला तसंच म्हणतात, आणि पुरुषाला बाह, म्हणजे दादा. तरी त्या 'काँग'मध्ये जरा जास्तच नम्रपणा होता, की थट्टा… तिला कळेना.

एवढ्यात शाळेतून बालारी आली. तेरा वर्षांची, दोन वेण्या, हनुवटी वर. तिने पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ओळखतेस का यांना?" रिदालिनने विचारलं.

"आई आजारी होती तेव्हा निरोप धाडला, तर हा आला नाही. आई देवाच्या दारी सुपारी खायला गेली तेव्हा आला, पण माती झाल्यावर, रात्री उशिरा, आणि पहाटेच गेला. आज आला तो शाळा सुटल्यावर." ती थांबली. "इतका उशीर करतो म्हणजे माझाच मामा."

बाजार खदखदून हसला. तो मात्र हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "पाव आणलेत तुला…"

"कडक झाले असतील," असं म्हणून बालारीने पिशवी घेतली, आणि मग संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या हाती दिली नाही.

रिदालिनच्या लक्षात राहिले ते त्याचे कान. लालबुंद झालेले.

बालारीचे वडील खाणींच्या मुलखात गेले आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसले. लाइतसोमच्या लोकांत मूल आईच्या कुळाचं. आई गेली की जबाबदारी मामाची. पण हा मामा बेकरीच्या माडीवर पाच जणांसोबत एका खोलीत राहायचा. वयात येणारी पोरगी तिथं कशी ठेवणार? म्हणून समितीने तिला रिदालिनकडे ठेवलं होतं. रिदालिन घरातली धाकटी मुलगी. तिकडे घर धाकटीला मिळतं, आणि त्या घराचं दार कुणा निराधारासाठी लावून घ्यायचं नाही, ही रीतही घरासोबतच मिळते. आई गेल्यापासून ती एकटीच होती. बालारी आली आणि घरात पुन्हा भांडणं, गाणी, हरवलेल्या पेन्सिली सुरू झाल्या.

शेमफांग मग दर बाजाराला येऊ लागला. पाव बालारीसाठी असत. पण आल्या आल्या तो बाकावर जाऊन बसे, तो कुणासाठी, हे गावाला कळायला वेळ लागला नाही.

"आजही चौकशी?"

"नियम म्हणजे नियम."

"संत्री संपली, बटाटे निघाले, अजून ओळख पटली नाही?"

"पटतेय… थोडी थोडी."

एकदा त्याच्याकडे बघता बघता तिने पानाला भलताच चुना फासला. त्याने तोंडात टाकलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"चुना जास्त झाला का हो?"

"छे, छे… अगदी बेताचा आहे." तो डोळे पुसत म्हणाला. "आणखी एक द्या."

बालारी आत गृहपाठ करत बसलेली असे. ती ओरडली, "मामा, थुंकून टाक! कशाला मरतोस?"

असं सगळं गोडीने चाललं असताना शहरातून निरोप आला. बालारीच्या कुळातली एक दूरची मावशी जागी झाली होती. म्हणे, मुलगी आमच्या कुळाची, परक्या कुळाच्या घरात का? मी येऊन नेते, माझ्या खानावळीत हाताशी होईल. बाई पैसेवाली होती, आणि रीत तिच्या बाजूची होती.

दुसऱ्या दिवसापासून बालारी दुकानातल्या कपबशा न सांगता घासायला लागली. रिदालिनने हात धरला तेव्हा शांतपणे म्हणाली, "सवय करून घेतेय."

रिदालिनने आपल्या मामाला बोलावलं. जोसमोन मामा म्हणजे त्यांच्या कुळातला वडीलधारा. मन आभाळाएवढं, पण जन्मभर ब्रह्मचारी. शेमफांगही आला होता. मामाने चहाचा कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली.

"एवढंच ना? कुळं बांधून टाकू! जुनी माणसं करायचीच की. शपथ घ्यायची, दोन कुळांचं एक करायचं. मग पोरगी आपलीच! कोण येतं न्यायला बघू." आणि त्याने शेमफांगच्या पाठीत प्रेमाचा दणका घातला. "तूही आमचाच, पोरा! आजपासून रिदालिनचा भाऊ!"

चुलीवरचा चहा उतू गेला. रिदालिनला दिसला नाही.

एका कुळात लग्न नाही. लग्नाचा विचारही नाही. तिकडे याहून मोठं पाप नाही.

"चांगला… विचार आहे," शेमफांग म्हणाला.

सुमोपर्यंत पोचवायला ती गेली. धुकं खालच्या दरीतून वर सरकत होतं आणि दोघंही आपापल्या चपलांकडे बघत चालत होती.

"चांगला विचार आहे म्हणालात."

"मग काय म्हणणार? ती भांडी घासतेय, काँग."

"हो."

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"तेच…" ती जरा थांबली. "इतके दिवस तुम्हाला बाह म्हणत आले, सगळ्यांना म्हणतात तसं. आता खरोखरीचं म्हणावं लागेल."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या खोलीत गावाचा दरबार, म्हणजे गावसभा, बसला. दरबारात बायका बसत नाहीत. मात्र मुलांचा विषय असला की समितीची म्हणून रिदालिनला एक खुर्ची मिळे, अगदी दाराशी. बाकीच्या बायका खिडक्यांना लगडल्या होत्या. जोसमोन मामाने आपली योजना छाती फुगवून मांडली.

गावमुखियाने विचारलं, "शेमफांग, तुझ्या कुळातर्फे तू बोल."

तो उभा राहिला. "बालारीसाठी… म्हणजे तिचं भलं होत असेल, तर मला…" त्याने दाराशी बसलेल्या रिदालिनकडे पाहिलं. "मला…"

"मला मान्य नाही," रिदालिन म्हणाली.

एकच गलका झाला. जोसमोन मामा तर उठूनच उभा राहिला. "म्हणजे? पोरगी नको झाली तुला?"

"पोरगी हवी आहे, मामा." तिने श्वास घेतला. शालीचं टोक मुठीत धरलं. "भाऊ नको आहे."

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"भाऊ नको?" मामा गोंधळून म्हणाला. "मग तो तुला कोण म्हणून हवाय?"

आता सगळाच दरबार हसत होता. मुखियाने तोंडावर शाल ओढून घेतली. रिदालिनचे गाल पेटले होते, पण सुरुवात केलीच होती, तर आता मागे कुठं जाणार? ती म्हणाली, "नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, ही आपली रीत आहे ना? हे आले… तर बालारी सख्ख्या मामाजवळ राहील. मग दूरच्या मावशीने मागायचं तरी काय?"

मामाने कपाळावर हात मारला. "अरे! हे मला कसं सुचलं नाही?"

"तुला जन्मात कधी सुचलं असतं तर आज नातवंडं असती," मुखिया म्हणाला. "काय रे शेमफांग, तुझं काय?"

शेमफांग अजून उभाच होता. "मी… आजच राहू, की भट्टीवाल्याला सांगून येऊ?"

"आजच राहू नकोस, गाढवा! आधी तुझ्या घरची मोठी माणसं मागणी घालायला येऊ देत!" मामा गरजला, पण डोळे पुसत होता.

हशा ओसरल्यावर मुखियाने हात वर केला. "थांबा. ज्या घरात आपण मूल ठेवलंय, त्या घरात नवं माणूस यायचं असेल तर काय करायचं? मुलाला एकट्याला विचारायचं. रिदालिन, हा नियम तूच भांडून करून घेतलास. जा, बाहेर बसा दोघं. बालारीला बोलवा."

दोघं पायरीवर बसली. दार लागलं.

"भर दरबारात बोललात," तो म्हणाला. "माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाहीत."

"ठेवलंय की. बोला."

"आत्ता?"

"आत ती नाही म्हणाली, तर मग कधी बोलणार?"

तो गंभीर झाला. "रिदालिन…" काँगशिवाय तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "मी रोज पहाटे भट्टीपुढे उभा राहतो. एवढा जाळ, एवढी ऊब. तरी मला उजाडल्यासारखं वाटतं ते फक्त बाजाराच्या दिवशी. सुमोत बसलो की."

तिने आपला हात पायरीवर त्याच्या हाताशेजारी ठेवला. करंगळीला करंगळी लागली… आणि तिथंच राहिली.

"ती नाही म्हणाली तर?" त्याने हळूच विचारलं.

"तर नाही." तिने करंगळी तशीच ठेवली. "तिला विचारायचं आणि मग ऐकायचं नाही, असं मी नाही करणार."

दार उघडलं. बालारी बाहेर आली. चेहरा अगदी हेडमास्तरांसारखा. दोघं ताडकन उभी राहिली.

"मी सांगितलं, विचार करते. पुढच्या बाजाराला कळवीन."

"बालारी!" शेमफांग जवळजवळ ओरडलाच.

"काय बालारी?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाबा गेले, मला विचारलं? आई गेली, मला विचारलं? मावशीने मागितलं, मामाआजोबांनी कुळं बांधायला घेतली, कुणी मला विचारलं? आज पहिल्यांदा विचारलंय. खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं, 'तुला काय वाटतं?'" तिने हनुवटी आणखी वर केली. "आणि मी लगेच हो म्हणून टाकू?"

रिदालिनला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळत नव्हतं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. कर विचार."

बालारी मोठ्या रुबाबात पायऱ्या उतरली आणि संत्र्यांच्या बागेतल्या वाटेने घराकडे चालू लागली. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. पण वळणापर्यंत पोचायच्या आतच तिचे खांदे हसू दाबून दाबून गदगदायला लागले होते, आणि वेण्या उडत होत्या.