एकशे बारा पावलं

बूट काढू नका, बसा तसेच. तुम्हाला निघायचंच आहे, मी काही अडवत नाही. पण क्लाइड, मघाशी गाडीतून उतरताना तू जे बोललास ते मी ऐकलं. "डबा नाही सापडला तर सापडला म्हणून लिहून टाकू, वही कोण बघायला जातंय?" हसू नकोस. डेल्मारी, त्याला कॉफी दे आणि दार लोटून घे, गारठा आत येतोय. वही कोण बघतं ते सांगतो, मग खुशाल जा.

सहा वर्षं झाली. दोन हजार एकोणीस, वीस जुलै, शनिवार. संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे जुलैत आपल्याकडे ऐन हिवाळा, काळोखच. मी ह्याच टेबलाशी बटाटे सोलत बसलो होतो. तेव्हा मी अजून वनरक्षकाच्या नोकरीत होतो, आणि नाल्यापलीकडच्या वरच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असायची. दारात रूबेन झेली आला. नाय्स्ना गावात हार्डवेअरच्या दुकानात होता तो. तुमच्या ह्या डबे शोधायच्या खेळातला मोठा मातब्बर.

"आबेलकाका, वरच्या फाटकाची किल्ली द्या ना तासाभरासाठी," म्हणाला. "माझा चाकू राहिलाय त्या डब्यापाशी, गेल्या खेपेला. वडिलांचा आहे हो."

"उद्या सकाळी फानीबरोबर आपण सगळे जातोच आहोत की. उद्या घे."

"उद्या तिथे चाकू शोधत बसणं बरं नाही दिसणार. आणि काका, फानीला बोलू नका. आधीच बिचारा..."

मला ते पटलं. दिली किल्ली. ह्या हाताने दिली.

आता दुसऱ्या दिवशी काय होतं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला उलगडा व्हायचा नाही.

नाल्याच्या पलीकडे जो जुना यलोवुड आहे ना, चार माणसांच्या कवेत न मावणारा, त्याच्या मुळाखाली फानी ओल्कर्सने एक डबा लपवला होता. लष्करी हिरवा पत्र्याचा डबा, आत एक वही, पेन्सिलीचं थोटूक आणि पोरांसाठी दोनचार खेळणी. जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, लोकांनी जंगल तुडवत येऊन डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची, घरी जाऊन "सापडला" म्हणून कळवायचं. एवढाच खेळ. मी आधी नाक मुरडायचो. पण ह्या खेळापायी जी माणसं जंगलात यायला लागली, त्यांच्यात फानीची आई होती, आणि तिच्यामुळे माझं मत बदललं.

हेस्टर ओल्कर्स. आम्ही सगळे ओल्कर्सबाईच म्हणायचो. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. रूबेनला तिनेच शिकवलं, माझ्या मुलीलाही. अंबाड्यात कायम एक लाल पेन्सिल खोचलेली. निवृत्त झाली तरी ती पेन्सिल काही निघाली नाही. डब्यातल्या वहीत कुणी चुकीची तारीख टाकलेली दिसली की ही बाई तीसुद्धा खोडून वर बरोबर लिहायची. सदुसष्ट वर्षांची, गुडघे दुखायचे, पण आठवड्यातून एकदा काठी घेऊन माझ्याकडे यायचीच; डब्यापर्यंत मात्र वाट बरी असली तरच जायची. माझ्या पायरीवर बसायची, कॉफीत बिस्किट बुडवून खायची आणि आज कुठल्या झाडावर लूरी पक्षी दिसला ते सांगायची. एवढ्याशा गोष्टीने माणूस किती खूश होतो ते मी तिच्याकडे बघून शिकलो.

झाडीत तुमचं ते जागा दाखवणारं यंत्र भरकटतं, हे तुम्हाला माहीत आहे. बाई त्यावर विसंबायची नाही. पायवाटेवर एक बाकडं आहे, तिथे वर आभाळ उघडं दिसतं. तिथे उभं राहून दिशा घ्यायची आणि पुढे पावलं मोजत जायचं. मोठ्याने. बाकड्यापासून लाकडी पुलापर्यंत सत्तर पावलं, पुलावर बारा, पुढे तीस. एकशे बाराव्या पावलाला झाड. मुलांना पाढे म्हणून दाखवावेत तशा आवाजात मोजायची.

आता रूबेनचं. सात जुलै, रविवार. त्या दुपारी ह्या मंडळींचा गावात मेळावा होता, आणि रूबेनचे पाच हजार डबे पूर्ण होणार म्हणून केक आणलेला. केकवर आकडा घालून तयार. आणि ह्याचे झालेले चार हजार नऊशे नव्याण्णव. सकाळी इथे आला तर पाऊस. गाडीतून उतरलासुद्धा नाही. मटणाचा पॅटिस खाल्ला, काच पुसली आणि फोनवर लिहून टाकलं, "सापडला. वाट साफ आहे, पूल भक्कम, दहा मिनिटांचं काम." गेला आणि केक कापला.

हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगतोय, म्हणजे शनिवारी रात्री तो कशाला आला होता ते कळेल. चाकूबिकू काही नव्हता.

आणि माझंही ऐका, कारण ते मी लपवत नाही. त्या आठवड्यात पूल बघायला मी जाणार होतो. रूबेनने लिहिलेलं वाचलं, भक्कम आहे म्हणतोय ना, मग कशाला पाय मोडा, म्हणून नाही गेलो.

गुरुवारी अकरा तारखेला बाई डब्याकडे गेली. तिने जाण्याआधी वाचलं असणारच, ती सगळ्यांचं वाचायची. आम्हाला ती शनिवारी सापडली, नाल्यात, खडकांवर. पुलावरचं पाचवं पाऊल तिने टाकलं आणि फळ्या गेल्या. आतून पूर्ण कुजलेल्या. मी एक फळी बोटाने दाबली तर बोट आत गेलं.

दफनाच्या दिवशी फानीने ती लाल पेन्सिल आईच्या अंबाड्यात पुन्हा खोचली आणि मग पेटी बंद केली. मी शेजारी उभा होतो. नंतर चहाच्या वेळी त्याने रूबेनला गाठलं.

"सातला भक्कम असलेला पूल अकराला कसा मोडतो रे?"

"लाकूड आहे फानी. लाकडाचं काय सांगावं."

"हं. रविवारी तो डबा मी घरी आणणार आहे. तूही चल. तिच्याआधी शेवटचा तूच गेलेलास. वहीत नाव असेल तुझं."

"असणारच की," रूबेन म्हणाला. बशी तशीच ठेवून निघाला.

कळलं ना? वहीत नाव असेल तर ते दुर्दैव. नसेल तर बाईला ह्याने मारलं, आणि ते अख्ख्या गावाला कळणार. म्हणून शनिवारी रात्री तो निघाला. नाव लिहायला. तारीख सात जुलै.

पुढचं सगळं त्याच्या तोंडचं आहे.

पूल मोडलेला, म्हणून वरच्या फाटकाने वळसा घालून गेला. फाटक उघडलं तेव्हा घड्याळात सहा पस्तीस. चंद्र उगवायचा होता. डोक्यावर टॉर्च, पायाखाली ओला पाला. शेवाळाच्या जटा तोंडाला लागत होत्या. एका जागी रानडुक्कर फुरफुरलं आणि बाजूला झालं. त्याला बरं वाटलं म्हणे. निदान जिवंत काहीतरी होतं.

सात वाजता झाडापाशी पोहोचला. नाल्याचं पाणी खाली वाजत होतं. गुडघ्यावर बसून मुळांत हात घालायला लागला. डबा कधी बघितलेलाच नाही, तर सापडणार कसा? चिखल, दगड, पाला.

आणि पलीकडच्या काठावरून आवाज आला.

"एक... दोन... तीन..."

आधी त्याला वाटलं, कुणीतरी फिरायला आलंय. टॉर्च विझवली त्याने. चोरच तो, दुसरं काय करणार?

"बावीस... तेवीस..."

काठी टेकल्याचा आवाज. मग पाऊल. मग आकडा. घाई नाही.

"अडुसष्ट... एकोणसत्तर... सत्तर..."

आता पूल. म्हणजे पुलाची जागा.

"एकाहत्तर... बहात्तर... त्र्याहत्तर... चौऱ्याहत्तर..."

थांबलं.

काही पडल्याचा आवाज नाही. ओरडणं नाही. नुसतं पाणी.

तो पळाला का? नाही. ऐका माणसाची हाव. त्याला वाटलं, गेलं ते, आता लवकर डबा शोधू. अंधारात चाचपडत राहिला. आणि बाकड्याच्या बाजूने पुन्हा सुरू झालं.

"एक... दोन..."

तोच आवाज. आठवीच्या वर्गात ह्याच आवाजाने त्याला उभं केलं होतं. आता त्याला ओळख पटली. तोंडाने देवाचं नाव आणि हाताने उकराउकर. बोटांना पत्रा लागला. डबा ओढला, झाकण उघडलं. टॉर्च लावणं भाग होतं. लावली. वही काढली.

"त्र्याहत्तर... चौऱ्याहत्तर..."

थांबलं.

वहीतलं शेवटचं नाव दोन जूनचं, कुणा जर्मन जोडप्याचं. त्याखाली जागा कोरी. थोटूक हातात धरलं.

"एक..."

त्याने नाव लिहायला घेतलं. रूबेन. अक्षर नीट यायला हवं होतं, रविवारी दुपारी आरामात लिहिल्यासारखं. झेली. मग तारीख. सात...

"चौऱ्याहत्तर..."

तो वाट बघत बसला. आता थांबेल.

"पंच्याहत्तर."

जिथे फळी नव्हती तिथे पाऊल वाजलं. लाकडावर. काठीसुद्धा.

"शहात्तर... सत्त्याहत्तर..."

त्याने मान वर केली नाही. जुलै लिहिलं. वही पिशवीत. पिशवी डब्यात. झाकण बसेना.

"ब्याऐंशी."

आता माती. पाल्यावरची पावलं.

झाकण बसलं. डबा मुळाखाली ढकलला. वरून पाला ओढून घातला.

"नव्याण्णव... शंभर..."

टॉर्चच्या उजेडात समोरचा पाला दिसत होता. पाला दबत होता. एक पाऊल. मग पुढचं. वर काही नाही...

"एकशे नऊ... एकशे दहा..."

एकशे अकरा त्याने कानापाशी ऐकला. एकशे बारा ऐकला नाही. तोवर तो पळत सुटला होता.

साडेआठला माझ्या दारात आला. किल्ली टेबलावर ठेवली. कपाळ फाटलेलं, पँट चिखलाने भरलेली. "सापडला का चाकू?" मी विचारलं. मुठीत काहीतरी आवळून धरलं होतं. मी मूठ उघडायला लावली. डब्यातलं पेन्सिलीचं थोटूक. पळताना हातातच राहिलेलं. ते त्याने किल्लीशेजारी ठेवलं आणि निघून गेला.

मला तेव्हाच सगळं समजायला हवं होतं. निम्मं समजलंही. रात्री उशिरापर्यंत मी त्या थोटकाकडे बघत होतो, आणि तरी सकाळी फानीला काही बोललो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

रविवारी सकाळी नऊला आम्ही तिघे वरच्या फाटकाने गेलो. रूबेन आला. न येऊन सांगतो कुणाला? झाडापाशी मात्र दहा पावलं लांब उभा राहिला. फाटक मी रात्री स्वतः जाऊन बंद केलं होतं, दहाच्या आधी, आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपलो होतो. हे लक्षात ठेवा. आणि डब्यात लिहायला काही नव्हतं. थोटूक माझ्या खिशात होतं.

फानीने डबा काढला. वही उघडली. पानं उलटली, थांबला.

"आहे ना?" लांबून रूबेन म्हणाला.

फानीने वही माझ्याकडे केली. नाव होतं. रूबेन झेली, सात जुलै, शिसपेन्सिलीने, नीटनेटकं. त्या सात जुलैवर एक आडवी रेघ मारलेली होती. लाल. आणि वर, लाल अक्षरात, बरोबर तारीख.

वीस जुलै. संध्याकाळी ७.२०.

सात आकड्याच्या पोटातून छोटी आडवी रेघ होती. असा सात गावात एकच माणूस काढायचा, आणि त्या माणसाला आम्ही काही दिवसांपूर्वीच मातीत ठेवून आलो होतो. पेन्सिलीसकट.

रूबेन तिथेच खाली बसला आणि सगळं ओकला. फानीने त्याला मारलं नाही. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. रूबेन महिन्याभरात गाव सोडून गेला. फानीने डबा घरी नेला नाही. आईने तपासलेली वही आहे, राहू दे तिथेच, म्हणाला. पूल नवा झाला, तो मी स्वतः उभा राहून बांधून घेतला.

तोच डबा, क्लाइड. तुम्ही आत्ता शोधायला निघालाय तोच.

हे घ्या थोटूक. डब्यात ठेवा, गेली सहा वर्षं मी ते परत नेऊन ठेवलेलं नाही. त्यानंतर वहीत बरीच नावं आली आहेत. मी दर महिन्याला बघून येतो. गेल्या महिन्यात आणखी एका तारखेवर लाल रेघ होती.