थोरल्याचा एकच फोटो

दिवे बंद करा सगळे. तुझा मोबाईल पालथा घाल गं, त्याचा उजेड थेट लेन्समध्ये जातो. आता दीड तास ते शटर उघडंच राहणार, तोवर कुणी काडीसुद्धा ओढायची नाही. चांदण्यांच्या रेघा हव्यात ना तुम्हाला? मग बसा अंधारात.

मघाशी हा पोरगा म्हणाला, "काका, माझा एकही धड फोटो नाही, मी कायम कॅमेऱ्यामागे," आणि तुम्ही सगळे फिदीफिदी हसलात. त्यावरून आठवलं. मी भूतबित मानत नाही. चाळीस वर्षं फ्रेमा ठोकल्या, त्यात जिवंत माणसांच्या कमी, गेलेल्यांच्या जास्त. कुणी येऊन मला चिमटा काढला नाही. पण हे माझ्या एका गिऱ्हाइकाचं आहे. थोडं मी स्वतः पाहिलं, बाकीचं त्याने दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नव्हते.

काम साधं होतं. आईला थोरल्या मुलाचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. धाकट्याने तो आणून द्यायचा होता, बस.

धाकटा टायरच्या दुकानात कामाला. सातवीत मास्तरांशी भांडून शाळेबाहेर पडला तो परत गेलाच नाही. त्याचा हात आधी चालायचा, डोकं मागून यायचं. थोरला अगदी उलटा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, आणि उरलेल्या वेळात कॅमेरा. किटलीच्या तोटीतून निघणारी वाफ, दोरीवरचे ओले शर्ट, लसूण सोलणारी आईची बोटं, असलं काहीबाही टिपायचा. साखरेचा दाणा ओढणाऱ्या एका मुंगीसाठी तासभर जमिनीला पोट टेकून पडायचा. ऊन मऊ करायला खिडकीत चादर लागायची, आणि ती चादर धरून उभा राहायचा धाकटा.

"दादा, तुझा काढू का एखादा?"

"चहा गाळणारा कपात दिसतो का रे?" असं म्हणून थोरला कॅमेरा हातातून काढून घ्यायचा.

त्याला कावीळ झाली. साधी आहे, साधी आहे म्हणता म्हणता पोटात पाणी झालं आणि अकराव्या दिवशी इस्पितळातच त्याने प्राण सोडला. वय एकोणतीस. घरात साडेअकरा हजार फोटो, त्याचा एकही नाही. कचेरीच्या ओळखपत्रावर होता, पण अर्ध्या तोंडावर शिक्का. तो मोठा केला तर माणूस जाऊन चौकड्याच राहिल्या. भेटायला आलेले मामा म्हणाले, "एवढ्या मुंग्या काढल्या, स्वतःचा एक काढायला काय झालं होतं?" धाकट्याने त्यांच्या हातातला कप ओढून चहा मोरीत ओतला. मामा उठून गेले ते पुन्हा आले नाहीत.

पंधरवडाही झाला नसेल. रात्री आई अंथरुणातून म्हणाली, "अरे, त्याची हनुवटी कशी होती रे?"

"म्हणजे?"

"मघापासून आठवतेय. डोळे मिटले की तुझीच येते. त्याची येतच नाही."

माणूस गेला ते गेला, आता चेहराही चालला. "रविवारपर्यंत फोटो देतो तुला," तो म्हणाला. "शप्पथ."

कुठून देणार होता? तर होता. एक होता.

इस्पितळाच्या मागच्या खोलीत गाडीची वाट बघत वीस मिनिटं दोघेच होते. थोरल्याने हट्टाने मागवलेली कॅमेऱ्याची बॅग खुर्चीवर पडली होती. धाकट्याला काय झालं कुणास ठाऊक. त्याने कॅमेरा काढला, तोंडावरची चादर खाली केली, बटण दाबलं. एकदाच. आणि कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकला. ज्याने जन्मभर स्वतःचा फोटो काढू दिला नाही, त्याचा आपण चोरून काढला, तोही नाकात बोळे असताना... स्वतःच्या हातांची किळस आली त्याला. कार्ड पाकिटात लपवलं आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

मंगळवारी रात्री साडेअकराला आई झोपली. धाकट्याने थोरल्याचा संगणक लावला, फोटो उघडला आणि तोंड फिरवलं. मग पुन्हा पाहिलं. कातडी हळदीसारखी. पापण्या अर्धवट मिटलेल्या, फटीतून पिवळा पडलेला डोळा. ओठाच्या कडेला फेस सुकून खपली झालेली. नाकात कापूस.

थोरल्याने शिकवलेलं तो एकेक आठवत गेला. पिवळं मारायचं तर निळं वाढव. डाग घालवायचा तर शेजारची चांगली कातडी उचल आणि त्यावर ठेव. त्याने गालाची कातडी उचलून नाकावर ठेवली. कापूस गेला, पण नाकपुडीही गेली. पुन्हा केलं. ओठ जुळवले, खपली पुसली. राहिले डोळे.

दोघा भावांचे डोळे सारखे, असं सगळी गल्ली म्हणायची. धाकट्याने डब्यांची चळत रचली, वर कॅमेरा खाली तोंड करून ठेवला, टायमर लावला आणि ट्यूबलाइटखाली तसाच उताणा पडला. मग स्वतःचे डोळे कापले... फोटोतले रे, लगेच श्वास काय रोखताय... आणि थोरल्याच्या चेहऱ्यावर बसवले. एडिटिंगमध्ये थर असतात, काचेवर काच ठेवावी तसे, ते तुम्हाला मी काय सांगू. खालच्या थरात थोरला. वरच्या थरात धाकट्याचे डोळे.

पावणेतीनला थोरला त्याच्याकडे बघू लागला. धाकटा ढसाढसा रडला आणि तिथेच झोपला.

बुधवारी रात्री पेन ड्राइव्हवर घ्यायला फाइल उघडली, तर गालावर तीन काळे ठिपके. त्याला थोरल्याचं आठवलं, ठिपके दिसले की घाबरायचं नाही, कॅमेऱ्यात धूळ बसलेली असते. त्याने ते पुसले. पण एकदा काढून झालेल्या फोटोवर नंतर धूळ कुठून बसेल? हे तुम्हाला कळतंय. त्याला तेव्हा सुचलं नाही.

पाणी पिऊन आला. ठिपके ओठाच्या कोपऱ्यात होते. त्याने मोठं केलं. अजून मोठं केलं.

पाय होते. सहा सहा पाय. आणि पंख.

खुर्ची मागे पडली त्या आवाजाने आई जागी झाली. "काय रे?"

"काही नाही. झोप."

आई उठून बसली. मग नाकाला पदर लावून म्हणाली, "काही मेलंय का रे घरात?"

वास त्यालाही येत होता. त्याने कपाट ओढलं, पलंगाखाली बॅटरी मारली, माळा उपसला. उंदीर नाही, पाल नाही. वास यायचा तो संगणकाजवळ, आणि त्याच्या बोटांना. उजव्या हाताच्या बोटांना. दुकानातल्या ग्रीस काढायच्या साबणाने कातडी सोलेपर्यंत घासली त्याने. जेवताना घास तोंडाजवळ आला की उमळून यायचं. दुकानाचा मालक म्हणाला, "काय रे, डबा टायरला भरवतोस की काय, स्वतः तर खात नाहीस?" धाकटा नेहमीसारखा अंगावरही गेला नाही.

गुरुवारी कापूस परत आला होता. ओला, तांबूस. गाल फुगलेला. जबड्याखाली हिरवट. त्याने पहाटेपर्यंत बसून सगळं साफ केलं. शुक्रवारी पुन्हा तेच, जास्त. पुन्हा साफ केलं. आणि सगळ्यात किळसवाणं काय सांगू? त्याचा हात बसत चालला होता. कुठलं हिरवं कसं उतरवायचं, सुटलेली कातडी कशी भरायची, हे त्याला न बघता जमायला लागलं. तेवढे वरचे डोळे कधी पुसावे लागले नाहीत. त्या सगळ्या घाणीत ते तसेच. पांढरेशुभ्र. ओलसर.

फाइल साफ होती तेवढ्यात शनिवारी सकाळी सातला तो माझ्या दुकानापुढे येऊन उभा. मी कुलूपही उघडलं नव्हतं. "काका, आत्ताच्या आत्ता छापा." मी छापला. सुरेख फोटो होता, खोटं कशाला बोलू. माझ्या हाताने काच बसवली, मागे पुठ्ठा, खिळे, चारी बाजूंनी चिकटपट्टी. माझ्या फ्रेममध्ये हवा शिरत नाही.

संध्याकाळी आईने ती मांडीवर घेतली. काचेवरून हनुवटी चाचपली. "हीच रे... हीच." खूप रडली, मोकळी रडली. धाकट्याला वाटलं, जमलं.

मग आई थांबली.

"हे डोळे तुझे आहेत."

तो फ्रेम घ्यायला वाकला, तिने सोडली नाही.

"त्याचे मिटलेले होते. घरी आणल्यावर मी माझ्या हाताने मिटले होते."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. चोरून काढलेला फोटो, बोळे, माश्या, सगळं. वाटलं, आई थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रेम पालथी ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आधी तुझे डोळे काढून घे तिथून. मग त्याला जाऊ दे. कळलं? आधी डोळे."

संगणकातलं तिला ओ की ठो कळत नाही. तरी म्हणाली.

"उद्या करतो," तो म्हणाला. थकला होता.

शनिवारची रात्र. दोन वाजून दहा मिनिटं. त्याने घड्याळ पाहिलं होतं.

आवाज आला. टक. थांबून... टक. मग भुणभुण.

टेबलावर फ्रेम होती. पालथी. त्याने दिवा लावला. फ्रेम उलटली.

माशी होती. काचेच्या आत.

कागदावरून चालत होती. ओठावर. नाकावर. पुसलेलं सगळं परत आलं होतं... छापलेल्या फोटोत... गाल बसलेला, कापूस काळा पडलेला. काचेच्या खालच्या कडेशी तांदळाच्या कण्या साचल्यासारखं काही. त्याने नीट पाहिलं.

हलत होत्या कण्या.

आणि वर त्याचे डोळे. ते वळले. माशीकडे... मग त्याच्याकडे. त्यांत पाणी होतं.

"आई..."

आई दारात होती. "आधी डोळे!" ती ओरडली. "अरे, आधी..."

पण त्याचा हात आधी चालतो. त्याने फाइल डिलीट केली. थर उघडले नाहीत, काही नाही, एका झटक्यात सगळंच. कचरापेटी रिकामी केली. पाकिटातलं कार्ड कातरीने चिरलं. फ्रेम अंगणात आपटली, वर रॉकेल ओतलं, काडी लावली. कागद जळायला असा किती वेळ लागतो? हा बराच वेळ जळत होता. चरचरत होता. चरबी पडावी तसा.

विझलं तेव्हा वास गेला होता. घरातला गेला, बोटांचा गेला.

आईने विचारलं, "काढलेस डोळे?"

त्याने काडीने राख उकरली.

"काढलेस ना रे?"

तो अंगणातच बसून राहिला.

आईला हनुवटी आठवते आता. डोळे मिटले की थोरलाच येतो, म्हणते. पुन्हा फोटो मागितला नाही तिने. धाकटाही कामावर जायला लागला, दोन वेळा जेवायला लागला. मीही म्हटलं, सुटला पोरगा.

तीन महिन्यांनी दुकानाच्या गाडीसाठी तो लायसन्स काढायला गेला. कचेरीत खुर्ची, समोर छोटा कॅमेरा, पलीकडे कारकून.

"डोळे उघडा."

"उघडेच आहेत."

"अहो, झोपा घरी काढायच्या. उघडा." पुन्हा काढला. पुन्हा. मागची रांग हसायला लागली. सातव्या वेळेला कारकून म्हणाला, "पापणी हलवू नका, मी स्वतः बघतो." त्याच्या डोळ्यांत रोखून बघत बटण दाबलं. मग पडद्याकडे पाहिलं.

हसू थांबलं रांगेतलं.

कारकुनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. खुर्ची मागे सरकवून उठला आणि आत जाऊन बसला. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाहेर आला नाही.

लायसन्स आलंय त्याचं. मी हातात घेऊन पाहिलं, उजेडात धरून. नाव त्याचं, जन्मतारीख त्याची. फोटोही त्याचाच.

डोळे मिटलेले आहेत.