चिंधीचं दुसरं टोक

शेतात लाइट साडेअकराला येणार होती. तोवर गव्हाला पाणी नाही, आणि घरी जाऊन झोपावं तर उठवणार कोण, म्हणून ललित आणि कुंदन मोटारीच्या खोलीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून बसले होते. मगननाना गोधडी पांघरून मधोमध. ललितने मोबाइलवर कुठलासा भुताचा व्हिडिओ लावला, तसा नानांनी तो त्याच्या हातातून काढून जमिनीवर उपडा ठेवला.

“तोंडाला पीठ फासून किंचाळणारी माणसं बघतोस होय रे? बंद कर ते. माझा भाचा समाधान शिंदखेड्याच्या बाजूला वृद्धाश्रमात नोकरीला आहे. तिथे घडलंय हे. जिच्या बाबतीत घडलं, तिने स्वतः माझ्यापुढे बसून सांगितलंय. मधे बोलायचं नाही. आणि भ्यायलात तर पोचवायला मी येणार नाही, आधीच सांगतो.”

मग नानांनी सांगितलं.

गेल्या सालची गोष्ट. डिसेंबरची सतरा तारीख, मंगळवार. समाधान सकाळीच आश्रमाची गाडी घेऊन धुळ्याला निघाला. काम साधं होतं. आदल्या दिवशी आश्रमातल्या चौघांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, त्यांना परत आणायचं. पट्ट्या सुटल्या होत्या. चौघंही काळे चष्मे लावून गाडीत येऊन बसले, तसा समाधान सगळ्यांकडे बघून हसला. म्हणाला, “बठ्ठा हिरो दिखी राहिनात!”

तानुबाई पुढच्या सीटवर होती. वय शहात्तर, अंगाने काटकुळी, जीभ मात्र अशी की आश्रमातला आचारी तिला भाजी वाढून दोन पावलं मागे सरकायचा. दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मुलाने आश्रमात आणून सोडलं तेव्हा डोळ्यांचं नंतर बघू म्हणाला होता. ते नंतर तीन वर्षं आलंच नाही. शेवटी शिबिरवाले आले आणि त्यांनी उजवा डोळा करून दिला. डावा महिनाभराने करायचा होता.

सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा मागचे तिघं लहान पोरांसारखे ओरडले. तानुबाईने नुसतं हूं केलं. तिला किल्ल्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. रात्री कोणाचाही हात न धरता आपल्या पायाने संडासापर्यंत जायचं. चार लेकरं वाढवलेल्या बाईला रोज रात्री दुसऱ्याने धरून न्यायचं, दाराबाहेर थांबायचं, परत आणून निजवायचं... तिला त्याची फार लाज वाटायची.

आश्रमात तशी पद्धतच होती. रात्रीची बाई एक आणि खोल्या तीन, ती कुठे कुठे पुरणार? म्हणून जिची नजर गेली तिची शेजारच्या डोळस बाईशी जोडी लावून द्यायचे. जुन्या लुगड्याची लांब चिंधी. एक टोक हिच्या मनगटाला, दुसरं तिच्या मनगटाला. जायचं झालं की चिंधी ओढायची. शेजारीण उठते, हात धरून नेते, आणून सोडते. बोलायचं मात्र नाही. बोललं की बाकीच्या जाग्या होतात आणि सकाळी भांडणं लागतात.

तानुबाईची जोडी पलीकडच्या खाटेवरच्या सुनंदाबाईशी होती. सुनंदाबाई वरणगावची, नवरा कारखान्यात होता. सत्तरीतही पेपर वाचायची आणि ते सगळ्यांना ऐकवायची.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तानुबाई तिच्याजवळ जाऊन बसली. आयुष्यात कोणाचे आभार मानायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द जरा ओढूनताणूनच आले.

“सुनंदा, तीन वरीस तू माले नेस. आते तुले तरास नही. आते मी एकलीच जासू.”

सुनंदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग हसली.

“मी? मी कधी नेलं गं तुला? मी झोपेची गोळी घेते. उषा चिंधी बांधून गेली की मी माझ्या हातची गाठ सोडते आणि टोक खाली टाकून देते. पहिल्या आठवड्यापासूनच. मला वाटलं, तू तुझी तूच चाचपडत जातेस.”

“मंग कोन नेस?”

“मला काय माहीत? असेल कोणीतरी.”

तानुबाईच्या तोंडात शिवी आली होती, पण ती बाहेर पडली नाही. रोज रात्री तिने चिंधी ओढली होती आणि रोज रात्री कोणीतरी उठलं होतं. थंड हात, ओलसर. सुनंदाने आत्ताच हात धुतले असतील, असं ती तीन वर्षं समजत आली होती.

नऊ वाजता रात्रीची बाई उषा आली. तिने डोळ्यात थेंब टाकले. झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिकची वाटी चिकटवली. दाबायचं नाही, पाणी लावायचं नाही, दाब पडला तर डोळा कायमचा जाईल, असं पुन्हा बजावलं. आणि चिंधी बांधायला घेतली.

“नको ती!” तानुबाई खेकसली.

“आजची रात राहू दे, अक्का. पडलीस तर मला बोल लागेल.”

उषाने दोन्हीकडे गाठी मारल्या आणि दिवा घालवून गेली. थोड्या वेळाने पलीकडे सुनंदाबाईने गाठ सोडल्याचा आवाज आला. टोक फरशीवर पडलं. मग तिचं घोरणं सुरू झालं.

पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. खिडकीतून चांदणं थेट खोलीत येत होतं. तानुबाईला झोप लागली, पण ती वरवरची. जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ दिसलं म्हणून ती क्षणभर खूशही झाली. वाटी तिने स्वतःच सोडवली. आज आपण एकटीने जायचं.

ती उठून बसली. चिंधी सोडायला मनगटाकडे हात नेला...

चिंधी ताणलेली होती.

तिने ओढली नव्हती. पलीकडून ओढलेली होती. तानुबाई नव्या डोळ्याने चिंधीच्या मागोमाग बघत गेली. सुनंदाबाईच्या खाटेपर्यंत. तिच्या खाटेखालून. पुढे.

पुढची खाट रिकामी होती. वर्षानुवर्षं रिकामी. गुंडाळलेली गादी तेवढी उशाला असायची.

त्या गादीवर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं.

“कोन शे?” तानुबाईने विचारलं.

ते उठलं. तोंड फिरवून, आडवं आडवं, भिंतीला धरून येऊ लागलं. आपल्याकडे कोणी बघितलेलं त्याला खपत नसावं. पावलांचा आवाज नव्हता. चिंधी फक्त सैल होत होती. ढीग साठत होता फरशीवर.

तानुबाईने सुनंदाबाईला हाका मारल्या. नुसती हवा निघाली.

मग तो हात आला. थंड. ओलसर. ओळखीचा. पण आज त्याने मनगट धरलं नाही. तो वर आला. गालावर. गालावरून वर. अंगठा पापणीवर टेकला. नव्या डोळ्याच्या.

“डोया मिट.”

आवाज अगदी शेजारून आला. बाईचा होता की पुरुषाचा, तिला आजही सांगता येत नाही.

तिने डोळा मिटला. काय करणार? अंगठा तसाच राहिला. जरासा दाबला गेला. पापणीखाली कळ आली. तीन वर्षांचा काळोख तिला आठवला आणि तिला रडू फुटलं. डोळ्याला पाणी लावायचं नव्हतं, तरी फुटलं.

“सोड... माय, सोड. हाऊ डोया राहू दे माले.”

घड्याळाची टकटक. सुनंदाबाईचं घोरणं.

“मंग कोन?” त्याने विचारलं.

तानुबाईला कळलं. बघा पोरांनो, माणूस त्या वेळी काय करेल याचा नेम नाही. आपण कोणी तिथे नव्हतो. तिने नुसता हात उचलला आणि शेजारच्या खाटेकडे दाखवला.

अंगठा निघाला.

मग तिने डोळे उघडले. आपल्या मनगटाची गाठ सोडली. ती खाली उतरली. सुनंदाबाईचा हात पांघरुणाबाहेर लोंबत होता. चांदण्यात तिने त्या हाताला चिंधीचा वेढा दिला, एक गाठ मारली, वर दुसरी मारली. दोन्ही घट्ट. तीन वर्षांनी तिच्या डोळ्याने केलेलं पहिलं बारीक काम ते.

सुनंदाबाई झोपेत बडबडली, “काय गं...”

तानुबाई मागे वळली. खाटेवर चढली. भिंतीकडे तोंड केलं. तिच्या मागे चिंधी फरशीवरून सरकत गेली... सरकत गेली... आणि थांबली.

ती संडासाला गेलीच नाही. अंथरुणातच झालं.

सकाळी साडेसातला ऊन खोलीत आलं होतं. उषा चहा घेऊन आली, तेव्हा सुनंदाबाई उठून बसली होती. म्हणाली, “उषा, लाइट गेली का गं? किती अंधार केलाय!”

उषाच्या हातातला कप पडून फुटला.

समाधानने तिला त्याच दिवशी धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी तासभर तपासलं. म्हणाले, डोळे स्वच्छ आहेत. मोतीबिंदू नाही, काही नाही. काढायचं तर काय काढू? पुढे जळगावलाही दाखवलं. तिथेही तेच. समाधानला कारण कळेना, पण सुनंदाबाईच्या हाताला चिंधी बघून त्याला कसंसंच झालं. अठरा तारखेलाच त्याने ती पाणी तापवायच्या बंबात घातली आणि राख होईपर्यंत तिथे उभा राहिला. जोड्या बंद झाल्या. प्रत्येक खाटेला घंटीचं बटण आलं.

तानुबाई आता एकटी जायची. हवं ते मिळालं होतं. पण ती सुनंदाबाईच्या खाटेकडे बघायची नाही, आणि डाव्या डोळ्याची तारीख ठरवायला विचारलं तेव्हा डोकं दुखतं म्हणाली.

बाराव्या दिवशी सकाळी ती जवळून जात होती, तर सुनंदाबाईने चाहुलीने तिचा पदर पकडला.

“तानू, तूच ना? जरा बस. मी तुझ्याशी वाईट वागले गं. गाठ सोडून टाकायची. तरी तू रोज रात्री उठतेस, मला हात धरून नेतेस. एक शब्द बोलत नाहीस. मी असते तर केलं नसतं.” तिने डोळे पुसले. “तेवढे हात पुसून येत जा, बाई. फार गार असतात.”

तानुबाई त्या बारा रात्रींत एकदाही तिच्यासाठी उठली नव्हती.

तिने सुनंदाबाईचा हात धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. मनगट मोकळं होतं. पण त्याच्याभोवती बोटभर रुंद, काळा, जाड घट्टा पडलेला होता. बारा दिवसांत पडतो तसला नाही. जन्मभर जू ओढलेल्या बैलाच्या मानेवर असतो, तसला.