सातव्या खांबातला आवाज

वेळशी खाडीवरच्या पुलाखाली, भरतीच्या रेषेच्या जरा वर, तपासणीसाठी बांधलेला एक मचाण होता. सध्या तीच डॉ. शर्वाणी खोत यांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन पेट्या, एक पडदा आणि चौथ्या खांबाच्या पोटात गेलेल्या तारा. ध्वनिवर्धकातून बराच वेळ नुसती खरखर आली. मग एक माणूस स्पष्ट बोलला, "चहा आला नाय अजून? काय रे तुमचा कारभार."

नझीर मुकादम दचकून मागे सरले. पुलाच्या देखभालीचे ते प्रमुख अभियंता. निवृत्तीला आलेले, पण मचाणावर अजून झरझर चढणारे. "कोण बोललं?"

"पूल बांधणारा कुणी कामगार. पंधरा वर्षांपूर्वी."

"डॉक्टरबाई, सोपं करून सांगा. नाहीतर मी मांत्रिकाला बोलावतो."

शर्वाणी हसली. "सळईला गंज चढतो तेव्हा तिथून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. तुमचे संवेदक तोच मोजतात, बरोबर? आता जवळ कुणी बोललं, तर काँक्रीट किंचित थरथरतं. सळईपाशी मुरलेलं खारं पाणी हलतं, प्रवाह कमी-जास्त होतो. त्या क्षणी बसणारा गंजाचा थर त्या मानाने जाड किंवा पातळ होतो. झाडाच्या खोडात वर्षं दिसतात ना, तसं. मी मंद प्रवाह सोडून ते थर उलट क्रमाने वाचते. वरचे थर अलीकडचे, सळईला चिकटलेले सर्वांत जुने."

"म्हणजे पूल कुजत होता आणि ऐकत होता."

"ऐकणारा भाग तेवढा कुजणारा. हो."

नझीरभाई गंभीर झाले. त्यांचे काम नेमके हे कुजणे थांबवण्याचे होते. आजच पुलाच्या सगळ्या सळयांमधून रक्षकप्रवाह सुरू व्हायचा होता. बाहेरून दिलेला हा प्रवाह गंजण्याची क्रिया उलट दिशेने रेटतो. गंज थांबतो, पण त्याच वेळी जुन्या थरांची घडण बदलते आणि त्यांतले आवाज कायमचे पुसले जातात.

"मला सातवा खांब वाचायचाय," शर्वाणी म्हणाली. "प्रवाह सुरू करण्याआधी."

"सातव्याचा संवेदक मेलाय. पहिल्यापासून शून्यावर. बाकीचे खांब बोंब मारतात आणि हा गप्प. आम्ही त्याच्यावर लाल खूण केली आणि नाद सोडला."

"संवेदक मेला असेल. सळई तर आहे. मी थेट तिलाच तार जोडीन."

सातवाच का, हे नझीरभाईंनी विचारले नाही. त्यांना ठाऊक होते. शर्वाणीचा नवरा विश्राम या पुलाचा गुणवत्ता अभियंता होता. सातव्या खांबात काँक्रीट भरले त्या दिवशी तो सकाळपासून तिथून हलला नव्हता, हे त्याने स्वतः तिला फोनवर सांगितले होते. पूल पुरा व्हायच्या आतच खाडीच्या मुखाशी तपासणीची होडी उलटली. विश्राम गेला आणि त्याचा फोनही गेला. घरात त्याचे फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. ध्वनिमुद्रित निरोप ठेवायला त्याला आवडत नसे, ती फोन उचलेपर्यंत तो पुन्हा पुन्हा लावत राही. त्याची वाक्ये तिला आठवत. पण ती ज्या आवाजात आठवत, तो त्याचा होता की इतक्या वर्षांत तिनेच बनवलेला, हे आता तिला सांगता येत नव्हते.

"चौथ्याची सळई निम्मी उरलीय, बाई," नझीरभाई म्हणाले. "वरून शाळेच्या गाड्या जातात. उधाण तोंडावर आलंय. ही ओहोटी तुमची. पाणी चढायला लागलं की रक्षकप्रवाहाची कळ दाबायची, हाती काही लागो न लागो."

"कबूल."

चौथ्या खांबाचे यंत्र आतले थर वाचत राहिले. दुसरी पेटी घेऊन दोघे होडीने सातव्यापाशी गेले. शर्वाणीने तार जोडली आणि कान दिला. खरखरसुद्धा नव्हती. तिने संवेदनशीलता वाढवली, तार बदलली, दुसरी सळई धरली. काही नाही.

"माझंच काहीतरी चुकतंय."

"थांबा. एक गाभा काढू."

नझीरभाईंनी सळईपर्यंत भोक पाडून काँक्रीटचा बांगडीएवढा तुकडा बाहेर काढला आणि विजेरी आत धरली. सळई निळसर करडी होती. तिच्यावरचे वळ कारखान्यातून आल्यासारखे धारदार होते. त्यांनी बोट आत घालून घासले आणि बाहेर काढून पाहिले. तांबूस डाग नव्हता.

"संवेदक मेला नव्हता," ते सावकाश म्हणाले. "खरं सांगत होता. आम्हालाच खरं वाटलं नाही."

शर्वाणी होडीच्या फळीवर बसली. गंज नाही, म्हणून थर नाहीत. थर नाहीत, म्हणून आवाज नाही. सकाळी तिनेच हे समजावून सांगितले होते.

"दिवसभर ओरडत होता विश्राम इथं, जुने कामगार सांगतात," नझीरभाई म्हणाले. "मिश्रणात पाणी वाढवू नका, काँक्रीटमध्ये कंपक नीट फिरवा. माणसं खडूस म्हणायची त्याला."

"ठाऊक आहे. मोठ्या खुशीत सांगायचा."

"खांब उभा आहे, बाई. आणखी शंभर वर्षं राहील."

ते खरे होते, पण ती त्यासाठी आली नव्हती.

ते मचाणावर परतले तेव्हा पाणी वळले होते. चौथ्या खांबाचे यंत्र सळईला चिकटलेल्या थराशी पोचले होते. नझीरभाई कळीकडे वळले, तेवढ्यात ध्वनिवर्धकातून फावड्याचा आवाज आला, त्यामागे पंपाची धडधड.

"खोतसाहेब कुठायत?"

"रत्नागिरीस गेले. बायकोला भेटायला."

"मग ओत की बालदी. खाडीचंच ओत. गोडं पाणी वरनं कोण आणतंय?"

दोघेतिघे हसले. पाणी ओतल्याचा आवाज झाला.

नझीरभाईंचा चेहरा लाल झाला. "हरामखोर. पहिल्याच दिवशी मीठ घातलं. म्हणून हा सडला."

"म्हणून याला सगळं आठवतंय," शर्वाणी म्हणाली.

ती तेव्हा रत्नागिरीला राहायची. विश्राम अधूनमधून न कळवता तिथे यायचा, एखादी संध्याकाळ राहून पहाटेच्या गाडीने परतायचा. यातली कुठली संध्याकाळ ती असेल? तिला ठरवता येईना. एवढे मात्र नक्की, की इकडे बालदी ओतली गेली तेव्हा विश्राम तिच्याशी बोलत होता, नाहीतर बोलायला निघाला होता. आणि रत्नागिरीच्या त्यांच्या खोलीत गंजण्यासारखे काही नव्हते, म्हणून ते बोलणे कुठेच उरले नव्हते.

"पुन्हा ऐकायचंय?" नझीरभाईंनी विचारले.

"पहिलं वाक्य फक्त."

खोतसाहेब कुठायत, असे तो अनोळखी माणूस पुन्हा एकदा विचारून गेला.

पाणी मचाणाच्या खालच्या फळीला लागले. नझीरभाई बाजूला झाले. कळ शर्वाणीनेच दाबली. पडद्यावर चौथ्या खांबाच्या गंजाची रेघ थरथरली, मग हळूहळू खाली येऊ लागली आणि शेवटी शून्यावर असलेल्या सातव्या खांबाच्या रेघेला जाऊन मिळाली.