अर्धा कोयता

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वर्षाराणीनं बसवलेल्या कुलपाचं कौतुक मी आष्टीभर सांगत फिरायचो.

आमच्या ऑफिसात ऊसतोड टोळ्यांची यादी असते. कोण कुठल्या फडावर आहे, ते घरच्यांना कळावं म्हणून. मागच्या महिन्यात कुणीतरी बाहेरून घुसून ती पुसली. मग वर्षाराणीनं कंटेनर रीड-ओन्ली केला: वाचा, पण लिहू नका. कंटेनर म्हणजे प्रोग्रामला राहायला दिलेली खोली. आता तिच्या भिंतीत खिळाही ठोकता येत नाही. कच्च्या कामाला मेमरीत एक छोटी टेम्प, म्हणजे तात्पुरती जागा, रिस्टार्ट केलं की कोरी. इतकं नेटकं काम मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेलं नाही.

यादीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा.

भिवराबाईंचा पाय मोडला, म्हणून त्यांचा नवरा त्रिंबक यंदा अर्धा कोयता होऊन गेला. पंधरा दिवसांपूर्वी तो फडावरून नाहीसा झाला. भिवराबाई काठी टेकत रोज अकराला येऊन बाकावर बसायच्या.

"लागला का पत्ता?"

"न्हाई, मावशी."

"मग ही मशीन कशापायी ठिवली?"

"तिच्यामुळं आमाला पंखा मिळाला."

वर्षाराणीनं माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. टेम्पमध्ये एक फाइल होती, एका ओळीची: त्रिंबक, अर्धा कोयता, परळी स्टेशन.

"तू लिहिलंस?"

"तुझं कुलूप उघडायची माझी अक्कल हाय का?"

तिनं नेटची वायर काढली. रिस्टार्ट. टेम्प कोरी. चहा येईपर्यंत ओळ परत आली: बीड.

मी भिवराबाईंना वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"त्यास्नी गाडी लागती. चालत येत असत्याल."

परळी ते बीड, चहा येईपर्यंत, चालत.

रिस्टार्ट. पाटोदा.

वर्षाराणीनं कंटेनरच बंद केला. लिहायला जागाच नको.

"बंद केलं व्हय?" भिवराबाई म्हणाल्या. "वाटंत उभे ऱ्हातील की. लावा, बाई."

मग वर्षाराणीनं तो चालू केला.

टेम्प कोरी.

आष्टी.

मागे बाक करकरला. भिवराबाई सरकून जागा करत होत्या.

ओळीतला 'अर्धा' गेला.

वर्षाराणीनं घाईनं मूळ यादी उघडली, कुणालाच लिहिता येत नाही ती. तिथे होतं: त्रिंबक-भिवराबाई, एक कोयता, फडावर हजर.

तिनं कुलूप तपासलं. शाबूत होतं.

मी वळलो. रिकाम्या बाकाला काठी टेकलेली होती. तिच्याशिवाय भिवराबाईंना उठता येत नसे.